विहिरीचे पाणी : मालकी नव्हे, अमानत

कुरआनच्या ६७ व्या अध्यायाचा, सूरह अल-मुल्कचा, शेवट एका प्रश्नाने होतो. तुमचे पाणी जमिनीत खोल उतरून गेले, तर वाहते पाणी तुम्हाला कोण आणून देणार, असा तो प्रश्न आहे. अनेक श्रद्धावंत ही सूरह रात्री झोपण्यापूर्वी पठण करतात. ओठांवर रोज येणारा हा प्रश्न आपल्या शेतातील विहिरीपर्यंत, बोअरवेलपर्यंत आणि गावच्या नळयोजनेपर्यंत कधी पोहोचतो काय, याचा विचार प्रत्येकाने करावयास हवा. एप्रिल-मे महिन्यांत भंडारा जिल्ह्यातील एखाद्या गावी विहिरीत सोडलेली बादली रिकामी वर येते, तेव्हा या आयतीचा अर्थ समजावून सांगण्यास कोणत्याही भाष्यकाराची गरज उरत नाही.

या प्रश्नाचे उत्तर श्रद्धावंताला ठाऊक आहे : अल्लाहखेरीज कोणीही नाही. परंतु हे उत्तर केवळ जिभेने देऊन भागत नाही. पाणी अल्लाहचे आहे हे एकदा मान्य केले, की आपल्या शेतातील विहिरीवर आपला हक्क किती आणि शेजाऱ्याचा, गावाचा, मुक्या जनावरांचा हक्क किती, हा दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो. आजच्या लेखाचा विषय हाच आहे.

मोजून दिलेले पाणी

कुरआनच्या २३ व्या अध्यायात, सूरह अल-मोमिनूनच्या १८ व्या आयतीत, तीन गोष्टी एकत्र सांगितल्या आहेत. अल्लाहने आकाशातून पाणी एका ठराविक मापाने उतरविले. त्याला जमिनीत ठाव दिला. आणि ते परत नेण्यासही तो समर्थ आहे. माप, साठवण आणि परत जाण्याची शक्यता या तिन्ही गोष्टी ज्याला समजल्या, त्याला भूजलाचे मर्म समजले.

भंडारा जिल्ह्यावर पावसाची कृपा मोठी आहे. वर्षाला सरासरी १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येथे पडतो. मराठवाड्यातील दुष्काळी तालुक्यांना हा आकडा स्वप्नवत वाटावा. मग येथे विहिरी का आटतात? याचे उत्तर जमिनीच्या पोटात आहे. जिल्ह्याच्या मोठ्या भागात खाली कठीण, प्राचीन खडक आहे. पाणी साठते ते त्या खडकावरील मुरमाच्या थरात आणि खडकाच्या भेगांत. हे भांडे उथळ आहे. श्रावण-भाद्रपदात ते लवकर भरते, आणि भरल्यावर वरून येणारे पाणी नाल्यांवाटे वैनगंगेकडे निघून जाते. पाऊस कितीही पडो, जमीन आपल्या मापाएवढेच पाणी ठेवून घेते. ज्या वर्षी रोवणीच्या ऐन हंगामात पाऊस दडी मारतो, त्या वर्षी तर हे भांडे पूर्ण भरतही नाही.

याचा अर्थ असा, की पुढील पावसाळ्यापर्यंत साऱ्या गावाला पुरवायचे पाणी मोजके असते आणि ते सर्वांचे एकाच भांड्यात असते. माझी विहीर, तुझी विहीर हे शब्द जमिनीच्या वर खरे आहेत. जमिनीच्या खाली धुरे नाहीत आणि सातबारा नाही.

पूर्वजांनी पाणी कसे राखले?

भंडारा हा तलावांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. गोंड राजांच्या काळात आणि त्यानंतर येथील कोहळी समाजाच्या जाणकारांनी जमिनीचा उतार अचूक ओळखून पाळी बांधल्या व शेकडो तलाव निर्माण केले. या तलावांच्या भरवशावर धानाची शेती उभी राहिली. शेतकऱ्यांनी आपापल्या शेतात लहान बोड्या खोदल्या. तलावाचे पाणी पाटाने बांधीत जाई, आणि एका बांधीतून दुसऱ्या बांधीत उतरे. शिवाय तलावाच्या तळातून पाणी मुरत राही आणि खालच्या अंगाच्या विहिरी उन्हाळ्यातही जिवंत राहत. तलाव हा जणू विहिरींचा पालक होता.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी नष्ट झाली. त्या व्यवस्थेत अन्यायही होता, आणि तो संपला हे योग्यच झाले. तलाव शासनाकडे गेले आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', थोडक्यात 'मामा तलाव', हे नाव पडले. परंतु मालकी बदलली तेव्हा जबाबदारीचे काय झाले? गाळ काढणे, पाळीची डागडुजी करणे, सांडवा मोकळा ठेवणे ही कामे जी गावे पिढ्यान्‌पिढ्या करीत होती, ती आता कोणी तरी दुसरा करील अशी समजूत रुजली. अनेक तलाव गाळाने व बेशरमाच्या झुडपांनी भरले, काहींवर अतिक्रमण झाले. तलाव उथळ झाले तशा विहिरीही लवकर आटू लागल्या. मग माणसाने आपली नजर अधिक खोल वळविली आणि बोअर मारले.

कुरआनच्या ३४ व्या अध्यायात सबा या राष्ट्राची हकिकत आली आहे. उजव्या-डाव्या बाजूंना बागा, उत्तम भूमी आणि पाणी अडविणारा बांध असे वैभव त्यांना लाभले होते. त्यांनी कृतज्ञता सोडली, आणि बांधाचा पूर त्यांच्या बागा घेऊन गेला. कृतज्ञता म्हणजे केवळ 'अल्हम्दुलिल्लाह' म्हणणे नव्हे. मिळालेली देणगी सांभाळणे, दुरुस्त राखणे आणि पुढच्या पिढीला सोपविणे हीदेखील कृतज्ञताच होय. गाळाने भरलेला तलाव ही आपल्या कृतघ्नतेची साक्ष आहे.

एका हेक्टरचा हिशेब

आता एक नाजूक विषय. जिल्ह्यात खरिपाच्या धानानंतर उन्हाळी धान घेण्याची प्रथा वाढली आहे. जेथे कालव्याचे पाणी आहे तेथील गोष्ट वेगळी. परंतु पुष्कळ ठिकाणी हे पीक बोअरवेलवर उभे असते. शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, आणि ते अन्यायाचे ठरेल. धानाला आधारभूत किंमत असते, विक्रीची खात्री असते. डोक्यावर कर्ज, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न हे सारे त्याच शेतातून उभे करायचे असते. तरीही हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण ज्या गोष्टीचा हिशेब आपण येथे मांडत नाही, तो आखिरतमध्ये मांडला जाणारच आहे.

शेतात एक मिलिमीटर उंचीचे पाणी उभे केले, तर एका हेक्टरला दहा हजार लिटर पाणी लागते. धानाच्या बांधीत पाणी साचवून ठेवावे लागते. रखरखत्या उन्हात या पिकाची गरज १,००० मिलिमीटर धरली, तर एका हेक्टरसाठी एक कोटी लिटर पाणी होते. ग्रामीण भागात घरगुती वापरासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जलजीवन मिशनचे मानक आहे. या दराने एक कोटी लिटर पाणी ५०० माणसांना वर्षभर पुरते. बांधीतील काही पाणी मुरून पुन्हा जमिनीत जाते, हे खरे. ते अर्धे परत गेले असे मानले, तरी अडीचशे माणसांचे वर्षभराचे पाणी एका हेक्टरवर उडून जाते.

ज्या गावाच्या विहिरीत मे महिन्यापर्यंत पाणी टिकते, तेथे या पिकाचा प्रश्न उद्भवत नाही. परंतु ज्या गावात स्त्रिया हंडे घेऊन पहाटेपासून रांगेत उभ्या राहतात, त्याच गावाच्या शिवारात बांध्या तुडुंब भरलेल्या असतील, तर तेथे प्रश्न केवळ शेतीचा राहत नाही. तो ईमानचा होतो. शेतीपंपाच्या विजेचे बिल माफ होऊ शकते. पाण्याचा हिशेब माफ होत नाही.

शरीअत काय सांगते?

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पाणी, गवत आणि अग्नी या तीन गोष्टींत लोक परस्परांचे भागीदार आहेत, असे शिकविले. हा सामाजिक व्यवस्थेचा पाया आहे. बुखारी व मुस्लिम या हदीससंग्रहांत गरजेपेक्षा जास्त असलेले पाणी अडवून ठेवण्यास त्यांनी मनाई केल्याचे नमूद आहे. बुखारीतील आणखी एका कथनाचा आशय तर अंगावर काटा आणतो. शिल्लक पाणी अडविणाऱ्या माणसाला अल्लाह न्यायनिवाड्याच्या दिवशी सांगेल, की जी वस्तू तुझ्या हातांनी निर्माण केली नव्हती तिचा शिलकी भाग तू रोखलास, म्हणून आज मी माझी कृपा तुझ्यापासून रोखतो. विहीर आपण खोदली, पंप आपण बसविला, पाइप आपण टाकला. पाणी मात्र आपल्या हातांनी निर्माण केलेले नाही.

अनेक फुकहांच्या मते विहिरीतील पाणी जोवर आपल्या जागी आहे, तोवर ते कोणाच्या पूर्ण मालकीचे होत नाही. विहीर खोदणाऱ्याला ते वापरण्याचा अग्रहक्क मिळतो; परंतु तहानेलेल्या माणसाला व जनावराला तो अडवू शकत नाही. मालिकी फुकहांनी तर पुढे जाऊन असे म्हटले आहे, की शेजाऱ्याची विहीर ढासळली आणि त्याचे उभे पीक जळू लागले, तर त्याची विहीर दुरुस्त होईपर्यंत आपले जास्तीचे पाणी त्याला द्यावे.

मदीनेच्या महजूर नावाच्या ओहोळाबाबत प्रेषितांनी (स.) दिलेला निवाडा भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला चटकन समजेल. वरच्या शेतकऱ्याने आपल्या शेतात घोट्यापर्यंत पाणी घ्यावे आणि नंतर ते खालच्या शेतकऱ्यासाठी सोडावे. ही बांधीतून बांधीत पाणी उतरविण्याची तीच रीत होय. वरच्याला पहिला हक्क आहे, पण त्याला मर्यादा आहे. आज 'वरचा' शेतकरी कोण? ज्याचा बोअर सर्वांत खोल आणि ज्याचा पंप सर्वांत शक्तिशाली, तोच आजचा 'वरचा' शेतकरी. घोट्याची मर्यादा त्यालाही लागू आहे.

विहिरीचे 'हरीम'

इस्लामी फिकहमध्ये 'हरीम' ही एक महत्त्वाची संकल्पना आहे. विहिरीभोवतीचा राखीव परिसर म्हणजे हरीम. त्या परिसरात दुसऱ्याने विहीर खोदू नये. जनावरांना पाणी पाजण्याच्या विहिरीसाठी चाळीस हातांचा परिसर हदीसमध्ये नमूद आहे, आणि फुकहांनी इतर विहिरी व झऱ्यांसाठी अधिक अंतरे सांगितली आहेत. महाराष्ट्र शासनाच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेही सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून अमलात आला. त्याने ६० मीटर व त्याहून खोल विहिरींना 'खोल विहीर' ठरवून अधिसूचित क्षेत्रात शेती व उद्योगांसाठी त्या खोदण्यास मनाई केली. विहिरीचे रक्षण तिच्या परिसराच्या रक्षणाविना होत नाही, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

येथे कोणी जाणकार असा आक्षेप घेईल, की हनफी फुकहांच्या मते हरीमच्या बाहेर विहीर खोदली आणि त्यामुळे पहिल्या विहिरीचे पाणी कमी झाले, तरी खोदणाऱ्यावर भरपाई येत नाही. हे बरोबर आहे. परंतु ते फुकहा कोणत्या विहिरीविषयी बोलत होते? दोर, बादली आणि मोटेच्या विहिरीविषयी. बैलाच्या ताकदीने उपसलेल्या विहिरीची ओढ फार दूर जात नसे, म्हणून चाळीस-साठ हात पुरेसे होते. शेकडो फूट खोल सोडलेला विजेचा पंप खडकाच्या भेगांतून दूरवरचे पाणी ओढून घेतो. हरीमचा हेतू शेजाऱ्याची हानी टाळणे हा आहे. स्वतः हानी करू नये आणि हानीच्या बदल्यात हानी करू नये, ही प्रेषितांची (स.) शिकवण फिकहचे मूलभूत सूत्र मानली जाते. म्हणून आजच्या विहिरीचे हरीम आजच्या पंपाच्या पोहोचीवरून ठरावे, याचा विचार आपल्या उलेमांनी व गावच्या जाणत्यांनी अवश्य करावा. शिवाय कायद्याने भरपाई न येणे ही एक गोष्ट आणि अल्लाहपुढे निर्दोष ठरणे ही दुसरी. आपला पंप सुरू झाला की शेजारच्या विधवेची विहीर आटते, हे ज्याला माहीत आहे, त्याला कोणत्याही फतव्याच्या आडोशाला शांत झोप लागू नये.

टंचाईच्या काळातील क्रम

टंचाईत सर्वांच्या सर्व गरजा भागत नाहीत. म्हणून क्रम ठरवावा लागतो. आधी माणसाची तहान, मग जनावरांची तहान, त्यानंतर उभे पीक, आणि सर्वांत शेवटी नवे पीक. जनावरांचे स्थान दुसरे आहे, हे विसरू नये. विहिरीत उतरून तहानेने व्याकूळ कुत्र्याला पाणी पाजणाऱ्या माणसाला क्षमा मिळाल्याची हदीस सर्वांना ठाऊक आहे.

क्रमाबरोबर पाळीही हवी. समूद राष्ट्राला सांगितले गेले होते, की एक दिवस उंटिणीच्या पाण्याचा आणि एक दिवस तुमच्या पाण्याचा. त्यांनी ती पाळी मोडली, उंटिणीला ठार केले आणि स्वतःचा नाश ओढवून घेतला. पाळी मोडणारा नेहमी बलवानच असतो. मदयनच्या पाणवठ्यावर ह. मूसा (अलै.) पोहोचले, तेव्हा धनगरांची गर्दी होती आणि दोन तरुणी आपली जनावरे आवरून बाजूला उभ्या होत्या. ह. मूसा (अलै.) स्वतः परके, थकलेले, निराधार होते, तरीही त्यांनी आधी त्या दोघींच्या जनावरांना पाणी पाजले आणि मगच सावलीत बसून दुआ केली. टँकरभोवतीच्या गर्दीत मागे कोण उभे आहे हे पाहणे, ही प्रेषितांची सुन्नत आहे.

हा निर्णय उन्हाळ्यात घेऊन उपयोग नाही. उन्हाळी धानाचे पऱ्हे डिसेंबरच्या सुमारास टाकले जातात. निर्णय त्यापूर्वी व्हावा. पावसाळा संपताच गावातील काही विहिरींची पाणीपातळी दोर सोडून मोजावी, ती दर पंधरवड्याला फळ्यावर लिहावी, आणि ग्रामसभेत सर्वांसमक्ष ठरवावे, की यंदा किती क्षेत्रावर उन्हाळी धान परवडेल. पाणी कमी असेल तर लाखोळी, हरभरा, जवस, मूग यांसारखी पिके घ्यावीत. त्यांना धानाच्या मानाने फारच थोडे पाणी लागते. जो शेतकरी गावाच्या तहानेसाठी धान सोडतो, त्याचे नुकसान साऱ्या गावाने वाटून घ्यावे. त्याग एकाने करायचा आणि पाणी सर्वांनी प्यायचे, हाही न्याय नव्हे.

आरंभ मशिदीपासून

आपण जिल्ह्यात संख्येने थोडे आहोत. परंतु आदर्श घालून देण्यास संख्या लागत नाही. प्रेषित (स.) एका 'मुद' पाण्यात वुजू आणि एका 'साअ' ते पाच मुद पाण्यात गुस्ल करीत, असे बुखारी व मुस्लिममध्ये आले आहे. मुद म्हणजे दोन्ही हातांची एक ओंजळ. पाऊण लिटरच्या आतबाहेर. आज वुजूखान्यातील नळ पूर्ण उघडून आपण पाच-सहा लिटर पाणी सहज वाहू देतो. शंभर नमाजींनी प्रत्येकी पाच लिटर वाचविले, तर एका नमाजला पाचशे लिटर पाणी वाचते. इबादतीच्या तयारीतच उधळपट्टी होत असेल, तर त्या इबादतीने आपल्याला काय शिकविले?

मशिदीच्या मुतवल्लींनी तीन कामे हाती घ्यावीत. वुजूखान्याला कमी धारेचे नळ बसवावेत किंवा लोटे ठेवावेत. वुजूचे वापरलेले पाणी गटारात न सोडता झाडांना द्यावे. आणि छतावरचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. दीडशे चौरस मीटरच्या छतावर १,३०० मिलिमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ दोन लाख लिटर पाणी. त्यातील काही वाया गेले तरी दीड लाख लिटर हाती लागते. जमिनीचे भांडे भरलेले असते तेव्हा काही पाणी वाहून जाईल; म्हणून टाकीही असावी. पहिल्या पावसाचे पाणी मात्र छत धुऊन बाहेर जाऊ द्यावे, आणि शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून दूर ठेवावा, कारण साचलेले पाणी दूषित करण्यास प्रेषितांनी (स.) स्पष्ट मनाई केली आहे.

आजची रूमा

मदीनेत 'रूमा' नावाची गोड्या पाण्याची विहीर होती. तिचे पाणी विकत घ्यावे लागे. प्रेषितांच्या (स.) आवाहनावरून ह. उस्मान (रजि.) यांनी ती खरेदी करून सर्वांसाठी खुली केली. ह. सअद बिन उबादा (रजि.) यांनी आपल्या दिवंगत आईसाठी कोणता सदका उत्तम, असे विचारले असता प्रेषितांनी (स.) पाण्याचे नाव घेतले, आणि त्यांनी आईच्या नावे विहीर खोदली. म्हणूनच आपल्यात आई-वडिलांच्या इसाले-सवाबसाठी बोअर मारून देण्याची पद्धत आहे. भावना पवित्र आहे. पण जेथे खालचे भांडे आधीच रिते होत आहे, तेथे आणखी एक बोअर म्हणजे त्याच भांड्यात आणखी एक नळी. ह. उस्मान (रजि.) यांनी नवी विहीर खोदली नव्हती. असलेली विहीर सर्वांसाठी खुली केली होती, हे येथे लक्षात घ्यावे.

आजची रूमा आपल्या गावातच आहे. गाळाने बुजलेली सार्वजनिक विहीर उपसून देणे, तिचा कठडा बांधून देणे, मामा तलावाचा गाळ काढण्यासाठी ट्रॅक्टरचे डिझेल देणे, आपली बोडी पुन्हा खोल करणे, आपल्या बोअरचा एक नळ रस्त्याकडे काढून ठेवणे ही सारी सदका-ए-जारियाची रूपे आहेत. तलावाचा गाळ शेतात टाकला तर जमिनीचाही लाभ होतो. हे काम जात-धर्म न पाहता, साऱ्या गावाबरोबर करावे. पाणी मुरते तेव्हा ते कोणाच्या घराकडे जाते हे विचारत नाही. शेजाऱ्याचे हक्क सांगताना इस्लामनेही तो विचारलेला नाही.

इस्तिस्का आणि इस्तिगफार

पाऊस लांबला की आपण नमाज-ए-इस्तिस्कासाठी मैदानात जमतो, आणि जमलेच पाहिजे. ह. नूह (अलै.) यांनी आपल्या लोकांना अल्लाहची क्षमा मागा, तो तुमच्यावर भरपूर पाऊस पाठवील, असे सांगितले होते. परंतु इस्तिगफार म्हणजे ज्या चुकीची क्षमा मागतो, ती सोडण्याचा निश्चय. त्या मैदानात हात वर करणाऱ्यांपैकी कोणी शेजाऱ्याचे पाणी ओढले असेल, कोणी तलावाच्या पाळीवर कब्जा केला असेल, कोणी टंचाईत टँकरचा भाव दुप्पट केला असेल, तर ज्याचा हक्क बुडाला त्याची माफी मागून आणि हक्क परत करूनच दुआसाठी उभे राहावे. माणसांचे हक्क केवळ तौबाने माफ होत नाहीत, हा शरीअतचा सर्वमान्य नियम आहे.

अल्लाह आपल्या विहिरी जिवंत ठेवो, तलाव भरून टाको, आणि आपल्या हाती सोपविलेल्या पाण्याचे विश्वस्त म्हणून वागण्याची तौफिक आपणा सर्वांना देवो. तहानेने व्याकूळ असलेल्या प्रत्येक जिवापर्यंत पाणी पोहोचविण्याचे साधन तो आपल्याला बनवो. आमीन.